दोन आयपॅड, एकच चूक



विमानतळाची माहिती देणारी छापील पुस्तकं वैमानिकांनी आजही कॉकपिटमध्ये बाळगावीत का? ऑफिसमधल्या चहाच्या वेळी हा विषय काढला, तर आमची पिढी लगेच म्हणेल, "आयपॅड आहे ना, कागद कशाला?" माझं उत्तर थोडं वेगळं आहे.

या पुस्तकांची सुरुवात एका साध्या वहीतून झाली. १९३०च्या दशकात अमेरिकेत टपालाची विमानं चालवणारे एलरे जेपसन धावपट्ट्यांची लांबी, वाटेतले अडथळे, डोंगरांची उंची असं सगळं वहीत टिपून ठेवत. इतर वैमानिक ती माहिती मागू लागले आणि १९३४ मध्ये त्यांनी ती विकायला सुरुवात केली. पुढे या वहीच्या जाडजूड फायली झाल्या. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकाची कागदपत्रांची बॅग सुमारे १६ किलोंची असे! शिवाय नकाशे ठरावीक चक्राने, दर २८ दिवसांनी बदलतात. म्हणजे जुनी पानं काढा, नवी घाला. एखादं पान राहिलं, तर हातातला कागदच चुकीचा. म्हणून २०१३ मध्ये या कंपनीने बॅग काढून टाकून आयपॅड दिले. निर्णय योग्यच होता. वजन कमी झालं, इंधन वाचलं.

मग २८ एप्रिल २०१५ उजाडला. कंपनीच्या डेटाबेसमध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एक नकाशा दोनदा आला होता. ॲपला ते झेपलं नाही आणि ते बंद पडू लागलं. वैमानिकाचा आयपॅड बंद पडला, तसाच शेजारी बसलेल्या सहवैमानिकाचाही. अनेक उड्डाणं खोळंबली, काही विमानं तर वाय-फायसाठी गेटवर परत आली. ॲप काढून पुन्हा टाकल्यावर ते सुरू झालं. रेगनच्या नकाशासाठी मात्र ॲपबाहेरची साधी पीडीएफ वापरायची ठरली.

कोणी जखमी झालं नाही. पण आमच्या धंद्यातला मोठा धडा यात आहे. दोन आयपॅड म्हणजे दोन आधार असं वाटतं, पण ॲप तेच आणि डेटाही तोच असेल, तर तो एकच आधार दोनदा मोजलेला असतो.

कागद असला की झालं, असंही नाही. २० डिसेंबर १९९५ रोजी याच कंपनीचं विमान कोलंबियातल्या काली शहराकडे निघालं होतं. कागदी नकाशावर 'रोझो' या दिशादर्शक केंद्राची खूण होती 'आर'. वैमानिकांनी संगणकात 'आर' टाकलं. संगणकाच्या लेखी ते बोगोटाजवळचं 'रोमिओ' केंद्र होतं. विमान भलतीकडे वळलं आणि डोंगरावर आदळलं. १५९ जण गेले. नकाशा कॉकपिटमध्येच होता, पण संगणक विमान कुठे नेतोय हे त्याच्याशी वेळेत ताडून पाहिलं गेलं नाही.

म्हणून माझं मत असं: १६ किलोंची बॅग नको. पण निघायचा विमानतळ, उतरायचा विमानतळ आणि पर्यायी विमानतळ, एवढ्यांची पानं उड्डाणाआधी ताजी छापून सोबत ठेवावीत. ताजी असल्यामुळे पानं बदलत बसायला नको, आणि ॲप कोसळलं तरी कागद कोसळत नाही. मूळ डेटाच चुकला असेल, तर कागदही चुकेल, हे खरं. त्यावर उपाय एकच, ताडून पाहणं.

आता जरा आपल्या घरात बघा. मुलांचे फोटो तुमच्या फोनमध्ये आहेत, टॅबमध्येही आहेत. पण दोन्ही एकाच खात्याला जोडलेले असतील, तर इकडे पुसलेला फोटो तिकडूनही जातो. त्याला बॅकअप म्हणत नाहीत. या रविवारी एक वेगळी हार्ड डिस्क घ्या, फोटो तिच्यात उतरवा आणि मुख्य म्हणजे ते उघडतात का, तेही पाहा.

भेटू पुढच्या अंकात.