खळ्याचा कोबा : काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये

सोयाबीन, तूर, हरभरा यांची मळणी झाल्यावर माल दोन-चार दिवस उन्हात पसरण्यासाठी परसात पक्की जागा असावी, असे आता पुष्कळ शेतकऱ्यांस वाटू लागले आहे. मातीच्या खळ्यावर धान्यात खडे व माती मिसळते, आणि जमिनीची ओल खालून मालास लागते. सोयाबीनच्या आधारभूत खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली होती. परंतु सवलतीवर विसंबून शेती करता येत नाही. ओला माल भावात मार खातो, हे प्रत्येकाने अनुभवलेले आहे. तेव्हा परसात लहानसा सिमेंटचा कोबा करावा हा विचार रास्तच होय. मात्र त्याच्या खर्चाचा हिशेब आपण चुकीच्या जागी मांडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

"सिमेंटची पोती किती लागतील?" हाच शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, आणि बहुधा शेवटचाही. जे विकत आणावे लागते तेवढेच खर्चात धरावयाचे, आणि जमिनीची तयारी, पाणी व चार दिवसांची राखण ही घरचीच म्हणून सोडून द्यावयाची, अशी आपली रीत आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरीही हेच घडले. कृषी पदवी घेऊन गावोगाव सल्ला देत फिरणाऱ्या मुलाच्या वडिलांनी परसातल्या काळ्या मातीवर वीतभरही मुरूम न टाकता वैशाखात कोबा करून घेतला. विहिरीने तळ गाठलेला, घरात लग्नाची गडबड. पाणी मारले ते जेमतेम दोन दिवस. मी त्या वेळी घरीच होतो आणि पाहुण्यांच्या गर्दीत गप्प राहिलो. दुसऱ्या पावसाळ्यात मधोमध भेग पडली, एक कड वर आली आणि पृष्ठभागाची भुकटी धान्यात मिसळू लागली. शेवटी तो फोडून काढण्याची मजुरीही द्यावी लागली. वाचविलेला प्रत्येक रुपया व्याजासह परत गेला.

हिशेब असा मांडावा

समजा, कोबा १५ फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ इंच जाड करावयाचा आहे. काँक्रीट भरते ५० घनफूट. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी या प्रमाणास सुमारे ९ पोती सिमेंट, २२ घनफूट वाळू आणि ४५ घनफूट खडी लागते. म्हणजे वाळू पाव ब्रासच्या आत आणि खडी अर्ध्या ब्रासच्या आत. पोत्यास ४०० रुपये धरले तर सिमेंटचे ३,६०० रुपये झाले. वाळू, खडी व मुरूम यांचे भाव जिल्ह्यागणिक, किंबहुना वाहतुकीच्या अंतरागणिक बदलतात. ते ज्याने त्याने आपल्या गावचे घालावे.

हिशेबाचा दुसरा भाग आपण विसरतो तो हा. काळी माती निदान ९ इंच उपसून तेथे मुरूम भरावा लागतो. ठोकून बसल्यावर ९ इंच राहावा, यासाठी सुमारे दीड ब्रास मुरूम आणावा. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट ओतलेला कोबा कितीही सिमेंट घातले तरी अखंड राहत नाही. मुरूम एकदम न ओतता तीन थरांत पसरून, पाणी शिंपून, धुम्मसाने ठोकावा. याला एका माणसाचा नव्हे, दोन माणसांचा दिवस मोजावा.

त्यानंतर पाणी. एका पोत्यास सुमारे ३० लिटर पाणी पुरे होते. ३२ लिटरच्या वर जाऊ नये. खडी-वाळू आधीच ओली असेल तर तेवढे पाणी कमी घालावे. गवंड्यास पातळ माल पसरावयास सोपा पडतो, पण जादा पाणी उडून गेल्यावर काँक्रीट सच्छिद्र व कमकुवत राहते. मिश्रणात पाणी कमी आणि ओतून झाल्यावर भरपूर, हा नियम लक्षात ठेवावा. आज गावात मिळणारे सिमेंट बहुधा पोझोलाना जातीचे असते. त्याच्या काँक्रीटवर निदान १० दिवस ओल टिकली पाहिजे. कडक उन्हात १४ दिवस पाणी मारणे बरे. उतारामुळे पाणी वाहून जाते. म्हणून गोणपाट पसरून ते सतत ओले ठेवावे.

काटकसर कोठे?

काटकसर करूच नये असे नाही. ती आकारमानात करावी. जाडीत, मुरमात आणि पाणी मारण्यात करू नये. ४ इंचांऐवजी ३ इंच जाडी केल्यास सव्वादोन पोती, म्हणजे ९०० रुपये वाचतात आणि सगळा कोबा धोक्यात येतो. त्यापेक्षा पैसे कमी असतील तर १० फूट लांबीचाच करावा व पुढील वर्षी शेजारी दुसरा तुकडा जोडावा. नाहीतरी १५ फुटांचा कोबा मधोमध सांधा सोडून दोन भागांतच करणे योग्य. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून १० फूट रुंदीत २ इंच उतार द्यावा. त्यास जादा खर्च पडत नाही. लोखंडी सळ्यांची गरज केवळ धान्य वाळविण्याच्या कोब्यास नाही; ट्रॅक्टर वर चढवावयाचा असेल तर गोष्ट वेगळी, आणि मग ४ इंच जाडीही पुरणार नाही.

सर्वांत मोठी काटकसर हंगाम निवडण्यात आहे. मार्गशीर्ष-पौषात विहिरीस पाणी असते आणि ऊन सौम्य असते. वैशाखात हेच काम केले तर टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते, किंवा पाणी मारणे अर्धवट सुटते.

मळणी होताच माल थेट बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याने कोबा करू नये; त्याचे काम चांगल्या ताडपत्रीवर भागते. दोन भावांची वा शेजाऱ्यांची परसे लागून असतील तर हद्दीवर एकच सामाईक कोबा करण्यात शहाणपण आहे, मात्र वापराच्या पाळ्या आधी ठरवून घ्याव्यात.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस माझी विनंती आहे की, शेतकऱ्याने पोत्यांची संख्या विचारताच ती सांगून मोकळे होऊ नये. जमीन कोणती, मुरूम कोठून आणणार, विहिरीस पाणी किती दिवस पुरेल आणि पाणी मारणार कोण, हे चार प्रश्न आधी विचारावेत. शेवटच्या प्रश्नास घरातील एका माणसाचे नाव मिळाल्याखेरीज सिमेंट आणावयास सांगू नये. माझ्या घरी तो प्रश्न कोणीच विचारला नाही, आणि विचारावयाचे काम माझे होते.