‘ही सेड दॅट’च्या पोटात काय?

शाळेत डायरेक्टचं इनडायरेक्ट करून करून आपण थकलो. ऑफिसात मात्र मला रोज नेमकं उलटं करावं लागतं. परवा माझ्या सुट्टीबद्दल निरोप आला, ‘बॉस सेड दॅट ही वुड साइन युअर लीव्ह द नेक्स्ट डे.’ मी मनातल्या मनात ‘दॅट’ काढला, अवतरणचिन्हं लावली. ‘ही’चा ‘आय’, ‘वुड’चं ‘विल’, ‘युअर’चं ‘हर’ आणि ‘द नेक्स्ट डे’चा ‘टुमारो’. वाक्य तयार: ‘आय विल साइन हर लीव्ह टुमारो.’ पण बॉस हे बोलला कधी? सोमवारी बोलला असेल, तर बुधवारी तो ‘टुमारो’ उलटून गेलेला!

प्रश्न असेल तर सोपं. ‘आस्क्ड इफ’मधला ‘इफ’ जातो, शेवटी प्रश्नचिन्ह येतं. खरा छळ ‘हॅड’चा. ‘शी सेड शी हॅड सेंट द फाइल.’ ती मुळात काय म्हणाली? ‘आय सेंट’, ‘आय हॅव सेंट’ की ‘आय हॅड सेंट’? तिन्ही बरोबर. गाईडं मात्र एकच उत्तर छापतात, राव!

आपल्या मराठीला ही भानगडच नाही. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो.’ ‘की’ लावूनही त्याचा ‘मी’ आणि ‘उद्या’ जागच्या जागी. हेच कुणी इंग्लिशमध्ये जसंच्या तसं क्लायंटला कळवलं, ‘ही सेड दॅट आय विल कम टुमारो,’ की उद्या दहा वाजता क्लायंट निरोप देणाऱ्याचीच वाट बघत बसतो.