विश्लेषण : वायरलेस इअरबड्स दोन-तीन वर्षांतच का 'बसतात'? नवे घेताना काय पाहायचं?

सेल सुरू झाला की फोनवर अशी एखादी जाहिरात येतेच : '५० तास प्लेबॅक, १३ एमएम ड्रायव्हर, क्वाड माइक ईएनसी, लो लेटन्सी गेमिंग मोड, किंमत फक्त ९९९ रुपये'. आकडे भरपूर असतात. पण हे इअरबड्स किती वर्षं चालतील आणि रोज वापरल्यावर कानांचं काय होईल, हे त्यातला एकही आकडा सांगत नाही. खरेदी करताना महत्त्वाचे प्रश्न मात्र हेच दोन आहेत, कारण बहुतेक इअरबड्सची बॅटरी बदलता येत नाही आणि कान तर बदलता येतच नाहीत.

हे इअरबड्स आले कुठून?

दोन कानांत दोन सुटे तुकडे आणि मध्ये वायरच नाही, अशा प्रकाराला 'ट्रू वायरलेस' म्हणतात. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स जाहीर केले. असे सुटे इअरफोन त्याआधीही बाजारात होते, पण घराघरांत पोहोचले ते त्यानंतर. पुढे इतर कंपन्यांनीही एकेक करून फोनमधली ३.५ एमएमची जागा काढली. आज हजार-दीड हजार रुपयांपासून पंचवीस हजारांपर्यंत हा माल मिळतो. किंमत कितीही असली तरी प्रत्येक जोडीत तीन लिथियम बॅटऱ्या असतात : दोन बड्समध्ये एकेक आणि तिसरी चार्जिंग केसमध्ये.

बॅटरी इतक्या लवकर का बसते?

आजच्या साध्या फोनमध्ये ५,००० एमएएचच्या आसपास बॅटरी असते. एका बडमध्ये असते साधारण ३० ते ६० एमएएच. लिथियम बॅटरी ढोबळमानाने ५०० वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरली की तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. त्यानंतरही ती चालते, पण घसरण सुरूच राहते.

आता हिशेब करू. तुमचे बड्स एका चार्जमध्ये सहा तास चालतात असं धरा. ऑफिसच्या मीटिंग, प्रवास आणि रात्रीची वेब सिरीज मिळून तुम्ही ते रोज सहा तास वापरलेत, तर रोज एक पूर्ण फेरी होते. म्हणजे ५०० फेऱ्या दीड वर्षाच्या आतच संपतात. रोज दोनच तास वापरलेत तर तोच आकडा गाठायला चार वर्षं लागतील. एकाच मॉडेलला एक जण 'भंगार' म्हणतो आणि दुसरा 'अजून मस्त चालतंय' म्हणतो, त्यामागे हे एक मोठं कारण असतं.

शिवाय बॅटरी वापराविनाही म्हातारी होते. पूर्ण चार्ज अवस्थेत आणि उष्णतेत ती जास्त वेगाने खराब होते. केसमध्ये ठेवलेले बड्स बहुतेक वेळ १०० टक्क्यांवरच असतात. त्यात ती केस विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर पडून राहिली, तर नुकसान दुप्पट वाटेने होतं.

एकच कान आधी का जातो, याचंही उत्तर यात आहे. फोनवर बोलायला अनेक जण नेहमी एकाच बाजूचा बड वापरतात, त्यामुळे त्याच्या फेऱ्या जास्त होतात. जुन्या रचनेत तर एक बड फोनकडून आवाज घेऊन दुसऱ्याला पुरवत असे. साहजिकच त्याची बॅटरी आधी उतरायची.

'५० तास' हा आकडा खोटा असतो का?

खोटा नसतो, पण अपुरा असतो. त्यात केसमधून पुन्हा पुन्हा केलेलं चार्जिंग मोजलेलं असतं. मोजणी सहसा मध्यम आवाजावर आणि नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवून होते. तुमच्या कामाचा आकडा वेगळा आहे : एका चार्जमध्ये, नॉइज कॅन्सलेशन चालू असताना किती तास? तो बॉक्सवर बारीक अक्षरांत किंवा कंपनीच्या वेबसाइटवर सापडतो. हा आकडा जितका मोठा, तितक्या रोजच्या फेऱ्या कमी आणि तितकं बॅटरीचं आयुष्य जास्त.

बॅटरी बदलून का मिळत नाही?

बड इतका लहान असतो की त्याची दोन अर्धुकं गोंदाने चिकटवलेली असतात. उघडताना कवच तुटतं किंवा आतली तार निघते. त्यामुळे दुरुस्तीऐवजी 'बदलून नवा' हाच मार्ग उरतो. वॉरंटी संपल्यावर एका बडची किंमत ऐकून ग्राहक नवी जोडीच घेतो.

हे बदलू शकतं असं युरोपच्या एका नियमामुळे वाटतं. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार, १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः सहज काढता-बदलता आल्या पाहिजेत. मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं सुटी बॅटरी मिळाली पाहिजे. नियमाला काही अपवाद आहेत. पण हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, हे फेअरफोन या डच कंपनीने एप्रिल २०२४ मध्येच दाखवलं. तिच्या 'फेअरबड्स'मध्ये दोन्ही बड्सची आणि केसची, अशा तिन्ही बॅटऱ्या घरी बदलता येतात.

याचा भारताशी संबंध काय? चार्जिंगच्या यूएसबी-सी नियमाचं उदाहरण आठवा. तोही युरोपचाच नियम होता. फोन आणि इअरबड्ससाठी तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, पण ॲपलने २०२३ मध्येच जगभरचे नवे आयफोन यूएसबी-सीवर आणले. एका बाजारासाठी वेगळा माल बनवणं कंपन्यांना परवडत नाही, तेव्हा फायदा सगळ्यांना मिळतो. इअरबड्सच्या बॅटरीबाबतही तसं होऊ शकतं, पण त्याची हमी नाही. विशेषतः फक्त भारतातच विकणाऱ्या ब्रँडवर युरोपचं काहीच बंधन नाही.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कोणती वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे हे गुणांकाने सांगणाऱ्या 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'साठी सप्टेंबर २०२४ मध्ये समिती नेमली गेली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून करावी असं सुचवलं आहे. म्हणजे इअरबड्स घेणाऱ्याला दुरुस्तीची चौकशी सध्या स्वतःच करावी लागणार.

एएनसी आणि ईएनसी एकच का?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एएनसी म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. बडवरचा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि बड त्याच्या नेमकी उलटी ध्वनिलहर तयार करतो. दोन्ही एकमेकींना मारतात आणि तुम्हाला शांतता मिळते. विमानाची घरघर, एसी, बसचं इंजिन अशा सलग आणि खालच्या सुरातल्या आवाजांवर ते छान चालतं. हॉर्न, कुकरची शिट्टी किंवा शेजाऱ्याचं बोलणं यांवर तितकं चालत नाही.

ईएनसी मात्र तुमच्यासाठी नसतं. ते फोनवर पलीकडे बोलणाऱ्यासाठी असतं. तुमच्या माइकमधून जाणारा आजूबाजूचा गोंगाट ते कमी करतं. तुमच्या कानात त्याने काहीच शांत होत नाही. स्वस्त बॉक्सवर 'नॉइज कॅन्सलेशन' मोठ्या अक्षरांत छापून पुढे बारीक 'ईएनसी' लिहिलेलं असेल, तर फरक लक्षात ठेवा.

मग एएनसी ही चैन आहे की गरज?

ते तुम्ही कुठे ऐकता यावर आहे. लोकलमध्ये किंवा एसटीत गाणं नीट ऐकू यावं म्हणून आपण आवाज बाहेरच्या गोंगाटाच्या वर नेतो. गोंगाट कमी झाला की आवाजही खाली ठेवता येतो. इथे इअरबड्सची निवड थेट आरोग्याशी जोडली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, १२ ते ३५ वयोगटातल्या १०० कोटींहून अधिक लोकांना असुरक्षित ऐकण्यामुळे श्रवणशक्ती गमावण्याचा धोका आहे. संघटनेची मर्यादा अशी : ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित, पण ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. आवाज १० डेसिबलने वाढला की परवानगीचा वेळ दहावा हिस्सा उरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पाठवलेल्या पत्रात तर याहून कडक सल्ला आहे : आवाज ५० डेसिबलपेक्षा जास्त नको आणि दिवसात दोन तासांपेक्षा जास्त ऐकणं नको.

इतकी काळजी का? कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या हजारो सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून नुकसान उशिरा कळतं.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपली श्रवणशक्ती अचानक गेल्याचं सोशल मीडियावर सांगितलं होतं. डॉक्टरांनी त्याचं कारण विषाणू संसर्ग असल्याचं निदान केलं होतं. त्यामुळे त्याचं खापर हेडफोनवर फोडणं चूक आहे. मात्र त्याच पोस्टमध्ये त्यांनी मोठ्या आवाजातलं संगीत आणि हेडफोन यांबाबत सावध केलं होतं, आणि तो सल्ला योग्यच आहे.

एएनसी परवडत नसेल तर?

तर सिलिकॉनची टोपी असलेले बड्स घ्या. कानात नीट बसलेली टोपी स्वतःच बराच गोंगाट अडवते. बॉक्समध्ये सहसा तीन मापं येतात, पण बहुतेक जण कारखान्यातून लावून आलेलीच वापरत राहतात. तिन्ही लावून पाहा. डाव्या-उजव्या कानाचं माप वेगळं असू शकतं. टोपी सैल असेल तर बास गायब होतो, आपण आवाज वाढवतो आणि मग 'साउंड क्वालिटी खराब' असा शेरा मारतो. टोपी नसलेले, कानाच्या तोंडाशी टेकणारे बड्स आरामदायी असतात, पण ते गोंगाट अडवत नाहीत. घरी किंवा शांत ऑफिसात ते चालतील.

रस्ता ओलांडताना, गाडी चालवताना किंवा रेल्वे रुळांजवळ मात्र बाहेरचा आवाज ऐकू येणंच गरजेचं आहे. तिथे बड्स कानातून काढलेलेच बरे.

बाकीच्या आकड्यांचं काय?

ड्रायव्हर किती एमएमचा आहे यावरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. एलडॅक किंवा ॲप्टएक्ससारखे कोडेक फोन आणि बड्स दोघांतही असतील तरच उपयोगी पडतात. आयफोनवर ते चालत नाहीत, तिथे एएसीच. लो लेटन्सीचा फायदा गेम खेळणाऱ्यांना होतो. आयपीएक्स४ म्हणजे घाम आणि शिंतोडे चालतील, धो धो पाऊस नाही. आणि हे रेटिंग बऱ्याचदा फक्त बड्सचं असतं, केसचं नाही. ओले बड्स केसमध्ये ठेवणं हे ती बिघडण्याचं हमखास कारण.

पैसे देण्याआधी काय तपासायचं?

• एएनसी चालू असताना एका चार्जमध्ये किती तास चालतात?
• वॉरंटीनंतर एकच बड किंवा फक्त केस मिळते का आणि केवढ्याला?
• तुमच्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर आहे का, की कुरियरने पाठवावं लागेल?
• कानात बसले नाहीत तर परत घेतात की फक्त बदलून देतात?
• बॉक्सवर बीआयएसचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का? वायरलेस इअरफोनला ही नोंदणी बंधनकारक आहे आणि क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळता येतो.

बिल जपून ठेवा. वॉरंटीत टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जुने बड्स घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ते ई-कचरा संकलन केंद्रातच द्या. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

सगळ्यांनाच इअरबड्स हवेत का?

किमतीकडे वार्षिक खर्च म्हणून पाहिलं की उत्तर सोपं होतं. दीड हजाराची जोडी दोन वर्षं टिकली तर वर्षाला साडेसातशे पडतात. बारा हजारांची तीन वर्षं टिकली तर वर्षाला चार हजार. महागड्या जोडीत आवाज आणि एएनसी चांगलं मिळेल, पण बॅटरी आठपट टिकणार नाही. रोज तासन्‌तास कॉलवर असणाऱ्यांना मोठी बॅटरी असलेला नेकबँड जास्त सोयीचा पडतो, आणि तो हरवतही नाही. घरी बसून अभ्यास किंवा ऑनलाइन क्लास करणाऱ्यांना चांगला वायरवाला इअरफोन पुरेसा आहे. फोनला गोल भोक नसेल तर यूएसबी-सीचा मिळतो. त्यात बॅटरीच नसल्याने ती बसण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि यातलं काहीही घेतलंत तरी फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावून ठेवा. जागतिक आरोग्य संघटना ६० टक्क्यांच्या आत राहायला सांगते. त्याला एक रुपयाही लागत नाही.