किनाऱ्यावरील एक दिवस व जलप्रवासांतील सावधगिरी

आमचें सोनारी गांव समुद्रापासून फार दूर. परंडा तालुक्यांतील ह्या गांवाची ख्याति काळभैरवनाथाच्या देवळाविषयीं व तेथील वानरांविषयीं. तेव्हां जहाजांचा व आमचा संबंध काय, असें वाचक विचारतील. परंतु जत्रेच्या गर्दींत शिरतांना वडील माणसें मुलांस एक गोष्ट हटकून बजावतात, "चुकलास तर देवळाच्या दारापाशीं उभा राहा, आम्ही तेथें येऊं." निघतांना व परततांना माणसें मोजावयाचीं, आणि संकट येण्यापूर्वींच भेटण्याची जागा ठरवावयाची, हेंच जलप्रवासाच्या सुरक्षिततेचेंहि मूळ तत्त्व आहे.

हल्लीं मुंबईच्या बंदरांत मोठमोठीं क्रूझ जहाजें येतात. त्यांतील उतारू एक दिवस किनाऱ्यावर उतरतो, राजाबाई टॉवर पाहतो, गेटवेपासून लाँचनें घारापुरीचीं लेणीं पाहून येतो आणि सायंकाळीं परततो. मौजेच्या ह्या दिवसासहि नियमांची चौकट असते. प्रत्येकाजवळ जहाजाचें कार्ड. उतरतांना तें यंत्रास दाखवावयाचें, चढतांना पुन्हां दाखवावयाचें. पिशव्या तपासून घ्यावयाच्या. आणि ठरल्या वेळेच्या आंत परतावयाचें. कित्येकांस हा जाच वाटतो. पण त्यामुळेंच जहाजावर किती जीव आहेत हें कप्तानास सांगतां येतें, व परका मनुष्य सहजासहजीं आंत शिरूं शकत नाहीं. बंदरें व जहाजें ह्यांच्या संरक्षणाची आंतरराष्ट्रीय नियमावली १ जुलै २००४ पासून लागू आहे. आणि समुद्रमार्गानें संकट कसें येतें हें मुंबईनें २६ नोव्हेंबर २००८ रोजीं पाहिलेंच आहे.

असे नियम फुकट मिळालेले नाहींत. १९१२ सालीं टायटॅनिक बुडालें तेव्हां सर्वांस पुरतील इतक्या जीवरक्षक होड्याच त्यावर नव्हत्या. त्यानंतर १९१४ सालीं समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हें जहाज खडकावर आदळून ३२ माणसें दगावलीं. त्याच दिवशीं चढलेल्या शेंकडों उतारूंची संकटकाळची कवाईत अद्याप व्हावयाची होती. तेव्हांचा नियम चोवीस तासांची सवलत देत असे. १ जानेवारी २०१५ पासून नव्या उतारूंची कवाईत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घ्यावी लागते.

हें झालें मोठ्या जहाजांचें. आपलीं माणसें ज्या लहान नावांतून जातात, त्यांचें काय? १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडून सहाशेंहून अधिक जीव गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस निघालेल्या नीलकमल ह्या लाँचवर नौदलाची वेगवान नौका आदळली व दोन्ही नौकांवरील मिळून १५ माणसें मृत्यु पावलीं. त्या लाँचमध्यें शंभरांहून अधिक माणसें होतीं. परवाना त्याहून कमी माणसांचा होता. त्या मार्गावर जीवरक्षक जाकीट घालण्याची सक्ति झाली ती ह्यानंतर! आणि हें संकट केवळ समुद्राचें नव्हे. २१ मे २०२४ रोजीं आमच्या शेजारच्या करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून कळाशीकडे जाणारी होडी उजनीच्या जलाशयांत वादळी वाऱ्यानें उलटली. सात जणांपैकीं एक पोहून वांचला, सहा बुडाले.

कोणी म्हणेल, श्रीमंतांच्या जहाजास शोभणारे नियम गरिबाच्या होडीस कसे परवडावे? पैलतीरीं शेत आहे, दवाखाना आहे. सडकेनें जावें तर मोठा फेरा पडतो. हा आक्षेप खोटा नाहीं. नावाड्याची मिळकतहि माणशीं भाड्यावरच अवलंबून; त्यानें आपण होऊन माणसें उतरवावींत ही अपेक्षा अवघड आहे. म्हणूनच जाकिटें पुरविणें, संख्येची मर्यादा पाळविणें व वादळाच्या दिवशीं होडी बंद ठेवणें हें काम सरकारनें व ग्रामपंचायतीनें अंगावर घेतलें पाहिजे. परंतु माणसें मोजण्यास पैसा लागत नाहीं. एक वही व एक पेन्सिल पुरे. आणि भरलेल्या होडींत पाय न ठेवतां पुढच्या खेपेची वाट पाहणें हें तर सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपलीहि सहल केव्हां तरी मुंबईस जाईल, घारापुरीस जाईल. तेव्हां गुरुजी धक्क्यावर उभे राहून पुन्हां पुन्हां माणसें मोजूं लागतील, जाकिटाचे बंद आवळावयास सांगतील, आणि आपणांस हसूं येईल. त्या वेळीं उजनींत गेलेले ते सहा जीव आठवावे, आणि मुकाट्यानें रांगेंत उभें राहून आपला आंकडा मोठ्यानें सांगावा. सकाळीं जितके आंकडे ऐकूं आले तितकेच सायंकाळीं ऐकूं आले, तर तो दिवस खरा आनंदाचा.