राज्यव्यवस्थेचें वर्णन आणि आप्तवाक्य

परदेशची राज्यव्यवस्था मुलांस समजावून सांगण्याचा प्रसंग सुशिक्षित कुटुंबांत वारंवार येतो. अशा वेळीं ऐकीव माहितीवर वेळ मारून नेण्याची आपणां वडील माणसांची प्रवृत्ति असते. परंतु नैयायिकांनीं शब्दास प्रमाण मानलें तें आप्ताच्या शब्दास. वाटेल त्याच्या शब्दास नव्हे. राज्यव्यवस्थेच्या बाबतींत आप्त कोण, हें स्वित्झर्लंडच्या उदाहरणानें पाहूं.

त्या देशाच्या अधिकृत लॅटिन नांवावरून तो स्वतंत्र राज्यांचा सैल संघ असावा असें वाटतें. वस्तुतः १८४८ च्या राज्यघटनेपासून तेथें कँटनांचें बळकट संघराज्य नांदत असून आज त्यांत २६ कँटन आहेत. योगार्थापेक्षां रूढार्थ बलवत्तर, हा न्याय येथेंहि लागू पडतो.

तेथें अध्यक्ष आहे, एवढ्यावरून ती पद्धति अमेरिकेसारखी समजणेंहि चुकीचें. कार्यकारी सत्ता ७ जणांच्या मंडळाकडे असून संसदेचीं दोन्ही सभागृहें एकत्र बसून त्यांस ४ वर्षांकरितां निवडतात. त्यांपैकीं एक जण वर्षभर अध्यक्ष होतो. तो मंडळाच्या बैठकी चालवितो, पण सहकाऱ्यांचा वरिष्ठ नसतो. बरें, ही पद्धति इंग्लंडसारखीहि नाहीं; कारण अविश्वासाचा ठराव करून संसदेस हें मंडळ मुदतीपूर्वीं काढतां येत नाहीं. ‘तेथें कायदे लोकच करतात’ हें वाक्यहि अर्धवट आहे. कायदे संसद करते. १०० दिवसांत ५०,००० मतदारांनीं सह्या केल्या, तर तो कायदा लोकांच्या मतास टाकावा लागतो. घटनादुरुस्तीस मात्र लोकांचें व कँटनांचें, असें दुहेरी बहुमत अवश्य लागतें.

तथापि केवळ घटनेची संहिता वाचूनहि भागत नाहीं. १८७४ च्या घटनेंत सर्व स्विस लोक कायद्यापुढें समान आहेत असें कलम होतें. तरी संघराज्याच्या निवडणुकींत स्त्रियांस मताधिकार मिळाला तो १९७१ सालीं. १९५९ सालीं पुरुष मतदारांनीं तो नाकारला होता. आपेन्झेल इनररोडन ह्या कँटनाच्या कारभारांत तर तो १९९० सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानेंच लागू झाला. म्हणजे ह्या लोकशाहीची स्तुति पुस्तकांतून होत असतां अर्धी प्रजा मतपेटीपासून दूर होती. घरांतील मुलीस आपण नुसती ती स्तुतीच ऐकविली, तर तिला अर्धाच देश दाखविल्यासारखें होईल.

सबब क्रम असा ठेवावा. प्रथम घटनेची चालू संहिता पाहावी. सध्यांची १९९९ सालीं मंजूर होऊन २००० पासून अमलांत आहे. मग संसदेचीं व सरकारचीं अधिकृत प्रकाशनें पाहावीं, आणि शेवटीं मतदानाचे निकाल व न्यायालयाचे निर्णय. पुस्तक छापल्याचें साल पाहिल्यावांचून त्यांतील विधान वर्तमानकाळीं सांगूं नये. आणि ‘तेथें मत कोणास नाहीं?’ असें एखाद्या मुलानें विचारलें, तर तो प्रश्न टाळूं नये. त्याचें उत्तर शोधून मगच पुढें जावें.