खूण ओळखणारे औषध

मायबहिणींनो, स्तनाच्या काही कर्करोगांवर हार्मोनच्या गोळ्या चालतात, काहींवर हर-टूची औषधे. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारावर दोन्ही चालत नाहीत. फार वर्षे केमोथेरपीच काय ती हाती होती.

सॅसिट्युझुमॅब गोव्हिटेकान हे नवे औषध रोगट पेशीवरची ट्रॉप-टू ही खूण ओळखून तिथे विष पोचवते. शेतभर न फवारता तणावरच औषध लावावे तसे. २०२१ साली चाचणीचा निकाल आला. रोग पसरलेल्या, पण मेंदूत न गेलेल्या ४६८ रुग्णांपैकी जुन्या औषधांवरच्या निम्म्या ६.७ महिन्यांपुढे जगल्या, नव्यावरच्या निम्म्या १२.१ महिन्यांपुढे. जुलाब, पांढऱ्या पेशी घटणे हा त्रास होतोच.

रोग हटला नाही, एक हंगाम वाढला. घरच्यांना तोही मोलाचा. पण गाठ लागताच लाजू नका, दवाखाना गाठा.