उष्मांकांचा हिशेब

निधी-संकलनाच्या सायकल फेरीसाठी मी रोज पहाटे तीस किलोमीटरचा सराव करतो. परतल्यावर सपाटून भूक लागते. अर्थशास्त्राच्या तासाला कळले, की दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दारिद्र्य मोजले ते भुकेवरूनच : दरडोई दररोज २२५० उष्मांक. पुढे तेंडुलकर समितीने उष्मांकांचा आधार सोडला. तिच्या पद्धतीने २०११-१२ ची ग्रामीण रेषा दरडोई दरमहा ८१६ रुपये ठरली. मला जुने माप अधिक प्रामाणिक वाटते. पण तेही सरासरीच! माझे वडील बांधकामावर सायकलनेच जातात, दिवसभर घमेली वाहतात. माझ्या किलोमीटरांना देणगी मिळते, वर केळीही. त्यांच्या किलोमीटरांना काय मिळते? फेरीचे मुक्काम मंगल कार्यालयांत ठरले आहेत. एक तरी मजूर नाक्याजवळ ठेवावा, आणि पेटी फिरवण्याआधी तिथे रोजची मजुरी विचारावी.